ओळ मोजू नका, गट नंबर बघा

जुलै संपत आला की मराठवाड्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रासमोर पीक विम्याची रांग लागते. हातात सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. आत खुर्चीवर बसलेला पोरगा अर्धा अर्ज भरतो आणि स्क्रीनवर चाक फिरायला लागतं. ‘नेट गेलं’ हे दोन शब्द रांगेच्या शेपटापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला हे घडो की कळमनुरीकडच्या एखाद्या वाडीत, रांगेतला माणूस एकच विचारतो: कधी येईल? आणि ज्याच्यावर नेटवर्कची जबाबदारी आहे त्याला त्याआधी दुसरंच शोधावं लागतं: गेलं कुठं? लाइट गेल्यामुळे डबा बंद पडला, रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, की तालुक्याला बसून कुणी पोर्टच बंद करून ठेवला?

याचं उत्तर बहुतेक वेळा लिहून ठेवलेलं असतं. तालुक्याच्या यंत्रात, एका तक्त्यात. तो तक्ता वाचणारे प्रोग्राम मी बरीच वर्षं लिहितो आहे, आणि तो चुकीचा वाचला तर काय होतं तेही पाहिलं आहे. म्हणून हा लेख.

आधी तारेचा मार्ग बघू. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा तिचं नाव नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, पुढे ते भारतनेट झालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, हे उद्दिष्ट. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारनं महानेट या नावानं हाती घेतलं. सुरुवातीची आखणी साधी होती. तालुक्याच्या ठिकाणी, बहुधा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, एक मोठं यंत्र: ओएलटी. तिथून निघालेल्या काचेच्या धाग्यातला प्रकाश वाटेत एक छोटा स्प्लिटर अनेक धाग्यांत वाटून देतो, आणि टोकाला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक डबा बसतो: ओएनटी. स्प्लिटरला वीज लागत नाही. वीज लागते ती दोन टोकांना, आणि गावाकडचं टोक किती वेळ चालू राहील हे आपल्याकडे महावितरणवर आणि बॅटरीवर ठरतं.

ओएलटी असो, राउटर असो की कपाटातला साधा स्विच असो, प्रत्येक यंत्र स्वतःची नोंदवही ठेवतं. माझे पोर्ट किती, प्रत्येकाचं नाव काय, चालू आहे की बंद, आत किती माहिती आली, बाहेर किती गेली, चुका किती झाल्या. ही वही बाहेरून वाचण्यासाठी एक ठरलेली भाषा आहे. तिचं नाव सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजे एसएनएमपी. केस, फेडर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांच्या नावानं तिचा मसुदा ऑगस्ट १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर इंटरनेटवर निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं वाढत चालली होती आणि प्रत्येकाची तब्येत विचारण्याची रीत वेगळी होती. चौघांनी सगळ्यांना एकच रीत दिली. नावात ‘सिंपल’ आहे ते खरंच आहे. प्रोग्राम प्रश्न विचारतो, यंत्र उत्तर देतं, संपलं. पण या साधेपणाची एक किंमत आहे, आणि ती तक्ता वाचताना मोजावी लागते.

ती किंमत अशी की यंत्रात तक्ता तक्त्यासारखा ठेवलेला नसतो.

आपल्या डोळ्यांसमोर तक्ता म्हटलं की आडव्या ओळी, उभे रकाने. यंत्राकडे मात्र असते ती सुट्या नोंदींची एक लांबच लांब माळ, आणि प्रत्येक नोंदीला आकड्यांचा पत्ता. उदाहरणार्थ १.३.६.१.२.१.२.२.१.१०.३. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे भीतीदायक वाटतं. पण ज्यानं सातबारा काढला आहे त्याला ते अवघड जायला नको. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, मग गट नंबर, मग पोटहिस्सा. इथंही तेच. १.३.६.१ म्हणजे इंटरनेट नावाचा प्रांत. त्यापुढचे २.१ म्हणजे सर्वमान्य नोंदींचं दफ्तर. पुढचा २ म्हणजे त्यातला पोर्टांचा भाग, त्यापुढचा २ म्हणजे पोर्टांचा तक्ता, नंतरचा १ म्हणजे त्या तक्त्यातली नोंद. मग १० हा रकाना: आत आलेले बाइट. आणि शेवटचा ३ म्हणजे पोर्टाचा क्रमांक. हा शेवटचा आकडा म्हणजे आपला गट नंबर. सगळा खेळ त्याच्यावर आहे.

सातबाराची उपमा मी सोयीसाठी घेतलेली नाही. नीट पाहिलं तर सातबारा हाच दोन तक्त्यांचा जोड आहे. गाव नमुना सात अधिकाराचा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर. गाव नमुना बारा पिकांचा, म्हणजे त्या जमिनीत काय पेरलं. दोन वेगळे नमुने, आणि दोघांना सांधणारा एकच धागा: गट नंबर. तलाठी कधीही ‘सातच्या वहीतली चौथी ओळ आणि बाराच्या वहीतली चौथी ओळ’ असं जोडत नाही. पडीक गटाची पिकाखाली नोंद नसेल, एका गटात दोन पिकं असतील. ओळींचा मेळ बसणारच नाही. तो गट नंबर बघतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे सांगावं लागतं, आणि मलाही ते ठेच लागल्यावरच कळलं.

त्या ठेचेकडे येण्याआधी वाचण्याची रीत सांगतो. एसएनएमपीत ‘हा अख्खा तक्ता दे’ अशी मागणीच नाही. आहे ती एवढीच: ‘या पत्त्यानंतर येणारी पुढची नोंद दे.’ प्रोग्राम तक्त्याच्या दारात उभा राहून म्हणतो, पुढचं दे. यंत्र एक नोंद आणि तिचा पत्ता देतं. प्रोग्राम तोच पत्ता हातात धरून पुन्हा म्हणतो, पुढचं दे. असं करत मिळालेला पत्ता आपल्या तक्त्याच्या बाहेरचा निघाला की थांबायचं. जाणकार याला ‘वॉक’ म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. बांधावरून चालत जावं तसं हे चालणं आहे. शेजाऱ्याच्या शेतात पाय पडला की आपलं शेत संपलं.

आता पत्त्यात रकाना आधी येतो आणि पोर्टाचा क्रमांक शेवटी. त्यामुळे नोंदी ओळीओळीनं हाती येत नाहीत, रकान्यारकान्यानं येतात. आधी सगळ्या पोर्टांची नावं, मग सगळ्यांचे प्रकार, मग सगळ्यांचे वेग. लग्नाच्या पंगतीत जसं आधी सगळ्या पानांवर मीठ, मग सगळ्या पानांवर चटणी, मग भाजी. एकाचं पूर्ण पान वाढून दुसऱ्याकडे जात नाहीत. पूर्ण पान कुणाचं कसं वाढलं गेलं, हे प्रोग्रामला शेवटी जुळवावं लागतं.

इथंच मी चुकलो होतो. माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये मी प्रत्येक रकान्याची वेगळी यादी केली आणि शेवटी पहिल्याशी पहिलं, दुसऱ्याशी दुसरं असं चिकटवून टाकलं. माझ्या टेबलावरच्या स्विचवर ते महिनाभर बिनचूक चाललं. मग ते एका तालुक्याच्या ठिकाणी बसवलं. तिथल्या यंत्रात समजा पाच पोर्ट होते: १ वर तालुक्याची मुख्य लाइन, २ वर शाळा, ३ हा यंत्राचा स्वतःच्या कामाचा, बाहेर तार नसलेला पोर्ट, ४ वर दवाखाना, ५ वर ग्रामपंचायत. नावं पाच आली. आत आलेल्या बाइटांच्या रकान्यात मात्र आकडे चारच, कारण तिसऱ्या पोर्टाला तो आकडा नव्हताच. माझ्या प्रोग्रामनं चौथ्या पोर्टाचा आकडा तिसऱ्याला दिला, पाचव्याचा चौथ्याला. दवाखान्याच्या नावापुढे ग्रामपंचायतीची वाहतूक दिसू लागली, आणि ग्रामपंचायतीपुढे काहीच नाही. पडद्यावर गाव लाल झालं. लाइनमन मोटारसायकलवर गेला, त्यानं धागा तपासला, डबा तपासला; सगळं ठीक. परत आला तरी पडद्यावर लालच. दोन दिवस तो माणूस चिखलातून फिरला, आणि दोष माझ्या चार ओळींच्या कोडमध्ये होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. याद्या टाकून दिल्या. त्याऐवजी एकच मोठी वही केली, तिच्यात प्रत्येक पोर्टाच्या क्रमांकाचं एक पान. नोंद हाती आली की तिच्या पत्त्याचा शेवटचा भाग वाचायचा, त्या क्रमांकाचं पान उघडायचं, तिथं त्या रकान्याच्या नावाखाली किंमत लिहायची. ज्या पोर्टाला एखादी नोंद नाही, त्याच्या पानावर ती जागा कोरी राहते. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, हेही पक्कं करून ठेवलं. शून्य म्हणजे पोर्टातून काही गेलं नाही. कोरं म्हणजे यंत्रानं सांगितलंच नाही. या दोन गोष्टी एक करून टाकल्या की अहवाल खोटा होतो.

पत्ते वाचताना आणखी एक सापळा आहे. पत्ता दिसतो अक्षरांच्या ओळीसारखा, पण तो आकड्यांचा क्रम आहे. प्रोग्रामनं त्याला अक्षरं समजून क्रम लावला तर १० हा २ च्या आधी येतो. त्याहून वाईट म्हणजे ‘पत्त्याची सुरुवात जुळते का’ ही तपासणी अक्षरांनी केली, तर रकाना १ मागितल्यावर १० ते १९ हे रकानेही गळाला लागतात, कारण तेही १ नंच सुरू होतात. गट नंबर १ चा उतारा मागावा आणि हाती १०, ११, १२ चेही उतारे पडावेत, तशी गत. पत्ता ठिपक्यांवर तोडून आकड्याशी आकडा ताडायचा, हाच यावरचा उपाय. आणि चालताना दर पावलाला बघायचं की नवा पत्ता आधीच्या पत्त्यापेक्षा पुढचा आहे ना. काही सदोष यंत्रं मागचाच पत्ता पुन्हा देतात, आणि भाबडा प्रोग्राम त्याच बांधावर रात्रभर गोल फिरत राहतो.

वेळेचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. पोर्टांच्या मूळ तक्त्यात २२ रकाने आहेत. ४८ पोर्टांचा स्विच धरला तर २२ गुणिले ४८ म्हणजे १,०५६ नोंदी. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यायला सेकंदाचा विसावा भाग लागला, तर एकेक नोंद मागत पूर्ण तक्ता वाचायला ५३ सेकंद जातात. अशी शंभर यंत्रं असतील आणि दर पाच मिनिटांनी हजेरी घ्यायची असेल तर हे जमणारच नाही. म्हणून एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९३ मध्ये, घाऊक मागणीची सोय आली: ‘पुढच्या २५ नोंदी एकदम दे.’ तोच तक्ता ४३ फेऱ्यांत, दोन-सव्वादोन सेकंदांत येतो. हाव मात्र धरू नये. फार मोठं उत्तर वाटेत तुकडे होऊन हरवू शकतं, आणि आकडा जुन्या यंत्राला झेपेल असाच ठेवावा. मी २० ते २५ च्या पुढे सहसा जात नाही. आणि २२ पैकी पाच-सहाच रकाने हवे असतील तर तेवढेच मागावेत.

आता आकड्यांकडे. ‘आत आलेले बाइट’ हा आकडा वेग सांगत नाही, तो फक्त वाढत जातो. घरच्या वीज मीटरसारखाच. वेग काढायचा तर दोनदा वाचून वजाबाकी करायची, मधल्या सेकंदांनी भागायचं, आणि बाइटांचे बिट करायला आठनं गुणायचं. हा आठ विसरणारे पुष्कळ भेटले.

पण या मीटरचे अंक ठरलेले आहेत. जुन्या आवृत्तीतला मीटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुढच्या बाइटाला शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा. शंभर मेगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर हा फेरा ५ मिनिटं ४३ सेकंदांत पूर्ण होतो. एक गिगाबिटवर ३४ सेकंदांत. समजा आधीचं वाचन ४,२९,४९,००,००० होतं आणि नंतरचं १,३२,७०४ आलं. सरळ वजाबाकी केली तर उणे सव्वाचारशे कोटींच्या पुढचा आकडा येतो, आणि आलेखावर खोल दरी दिसते. खरं उत्तर असं: फेरा पूर्ण व्हायला ६७,२९६ बाइट, त्यात नंतरचे १,३२,७०४, एकूण बरोबर दोन लाख. मात्र दोन वाचनांच्या मध्ये फेरे दोन झाले असतील तर कुठलंच गणित कामाचं नाही. म्हणून वेगवान पोर्टांसाठी ६४ बिटांचा मोठा मीटर वेगळ्या, जोड तक्त्यात दिलेला आहे, आणि तो असेल तिथं तोच वाचावा. तो जोड तक्ता मूळ तक्त्याशी कसा जोडायचा? पोर्टाच्या क्रमांकानं. सात आणि बारा.

मीटर शून्यावर येण्याचं आणखी एक कारण असतं: लाइट जाऊन यंत्र पुन्हा सुरू झालं. तेव्हा फेऱ्याचं गणित लावलं तर न झालेली कोट्यवधी बाइटांची वाहतूक अहवालात चढते. यंत्र किती वेळ चालू आहे हे ते स्वतः सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगतं; आधी तो आकडा बघावा. तोही ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. वर्षानुवर्षं न थांबलेलं यंत्र त्या दिवशी नुकतंच सुरू झाल्यासारखं दिसतं. ही नोंद माझ्या वहीत लाल शाईनं आहे.

पोर्ट ‘बंद’ असण्याचेही प्रकार आहेत. एक रकाना सांगतो की पोर्ट चालू ठेवायचा हुकूम आहे का. दुसरा सांगतो की तो प्रत्यक्ष चालू आहे का. दोन्हीत १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. हुकूम १ आणि प्रत्यक्ष २ असेल तर तारेत किंवा पलीकडच्या टोकाला बिघाड शोधायचा. हुकूमच २ असेल तर कुणीतरी तो बंद केला आहे, आणि लाइनमनला पाठवण्याची गरज नाही, एका फोनवर काम होतं.

फायबरच्या जाळ्यात याहूनही नेमकं कळू शकतं. गावातल्या डब्याची वीज गेली की तो एकदम गप्प होत नाही. आत साठलेल्या किंचित विजेवर तो तालुक्याच्या यंत्राला एक निरोप पाठवतो आणि मगच विझतो. तंत्रज्ञ त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात, शेवटचा श्वास. धागा तुटला तर हा निरोप येऊ शकत नाही. प्रकाश नुसता नाहीसा होतो आणि डब्यावर लाल दिवा लागतो. तालुक्याच्या यंत्रात शेवटच्या बिघाडाचं कारण नोंदलेलं असेल तर महावितरणला फोन करायचा की धागा जोडणारा माणूस पाठवायचा, हे जागेवर बसून ठरतं. प्रकाश किती पोचतो तेही तक्त्यात असतं. काही कंपन्यांची यंत्रं तो आकडा उणे २४५० असा देतात, अर्थ उणे २४.५० डीबीएम, एसएनएमपीत दशांश चिन्ह नाही म्हणून ही तोड. साधारण उणे २७ च्या खाली घसरला की डब्याचा संपर्क केव्हाही तुटेल असं समजावं. अशा खास नोंदी १.३.६.१.४.१ या पत्त्याखाली असतात आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणून कंपनीची यादी हाती घेतल्याशिवाय अंदाजानं वाचू नये.

आता शेवटचा आणि आपल्या भागाला सगळ्यात जास्त नडणारा मुद्दा. पोर्टाचा क्रमांक हा गट नंबर आहे असं मी म्हणालो, पण जमिनीचा गट नंबर रात्रीत बदलत नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं, त्यात नवं कार्ड बसवलं, तर पोर्टाचा क्रमांक बदलू शकतो. नियमातच तशी मुभा आहे. म्हणून एका वाचनापुरतं क्रमांकावर जोडायचं, आणि दिवसांमागून दिवसांची नोंद ठेवायची ती पोर्टाच्या नावावर. त्यासाठी जोड तक्त्यात एक रकाना आहे, ज्यात तंत्रज्ञ स्वतःच्या हातानं ६४ अक्षरांपर्यंत मजकूर लिहू शकतो. यंत्र बंद-चालू झालं तरी तो टिकावा, असा नियम आहे. हा मजकूर रोमन अक्षरांतच ठेवायचा असतो, देवनागरी त्यात बसत नाही. मग साखरा हे नाव एक जण एका ‘ए’नं संपवतो, दुसरा दोन ‘ए’ लावतो, तिसरा मधल्या ‘ख’नंतर आणखी एक ‘ए’ घालतो. प्रोग्रामच्या लेखी ही तीन गावं झाली. शिवाय साखरा नावाची गावं विदर्भातही आहेत. नावावर भरवसा ठेवला तर हिंगोलीचा बिघाड गडचिरोलीच्या खात्यात जाऊ शकतो.

याची तोड सरकारनंच देऊन ठेवली आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. तो बदलत नाही, त्याचं स्पेलिंग चुकत नाही, आणि तो ६४ अक्षरांत आरामात बसतो.

हे सगळं करताना एक दक्षता घ्यावी. पहिल्या दोन आवृत्त्यांत वही उघडायचा परवलीचा शब्द उघडा जातो, वाटेत कुणीही वाचू शकतो, आणि कित्येक यंत्रांवर तो कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’ हाच शब्द असतो. तो बदला. यंत्र तिसरी आवृत्ती बोलत असेल तर तीच वापरा, आणि प्रोग्रामला फक्त वाचण्याची परवानगी द्या, लिहिण्याची नको.

तालुक्याच्या यंत्रासमोर बसणाऱ्या माझ्या मित्रांना एवढीच विनंती. पोर्टाच्या नावाच्या रकान्यात गावाच्या नावाआधी त्या ग्रामपंचायतीचा क्रमांक लिहा. एका पोर्टाला एक मिनिट लागतं. जुलैची रांग लागायच्या आत सेनगावच्या सगळ्या गावांचं होऊन जाईल.